हात पुरला तिथवर

सोनथडीच्या माणसांना एखाद्या गोष्टीची खात्री द्यायची झाली की ती म्हणायची, "रहिमाननं मारलेली रेघ हाय ती, वाकडी न्हाई निघायची." रहिमान शिकलगार हा गावचा रंगारी. पट्टी नको, दोरी नको. ब्रश टेकवायचा, श्वास रोखायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढायचा. मग ज्याला शंका असेल त्यानं खुशाल दोरी लावून बघावी. पंचवीस वर्षं त्यानं कृष्णाकाठच्या गावांतून दुकानांच्या पाट्या रंगवल्या, दूधसंस्थांची नावं लिहिली, ट्रॉल्यांच्या पाठीवर 'आईचा आशीर्वाद' लिहिला. पुढं फ्लेक्स आले आणि त्याच्या वाट्याला घरांना रंग देण्याशिवाय काही राहिलं नाही. अक्षर काढणाऱ्या हाताला रोलर फिरवायला लावायचं हे काही बरं नव्हे, पण पोटाला कोण समजावणार.

ब्रशचं एक काम तेवढं दरसाल ठरलेलं होतं. ऑगस्ट लागला की ग्रामपंचायतीतून बोलावणं यायचं. शाळेच्या भिंतीवरची पुराची लाल रेघ नवी करायची. चारचौघांसमोर व्हायचं काम, मानाचं काम, आणि नेमकं तेच काम रहिमानला नकोसं वाटायचं. कारण ती रेघ खोटी होती. सरळ होती, पण खोटी होती. आणि हे साऱ्या गावात दोघांनाच ठाऊक होतं, एक त्याला आणि दुसरं त्याच्या बायकोला, शबानाला.

झालं होतं ते असं. दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात कृष्णेला पाणी आलं ते काही विचारू नका. गाव उठून उंचावर गेलं. कुणी कुंडलला पाव्हण्यांकडं, कुणी कारखान्याच्या गोदामात, कुणी कुठं. पाणी सगळ्यात वर चढलं तेव्हा बघायला गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. आठव्या दिवशी माणसं परत आली तर गुडघाभर चिखल, मेलेल्या जनावरांचा वास आणि घराघरांत उलटीपालटी झालेली भांडी. रहिमानच्या छपरीतलं सगळं सामान गेलं होतं. शिडी तर पार अलमट्टीच्या धरणाकडं चालती झाली असावी. चिखलात लाल ऑइलपेंटचा एक डबा तेवढा सापडला, झाकण गच्च बसलेला.

तेवढ्यात निरोप आला. दुपारी मोठे साहेब पाहणीला येणार, त्यांच्यामागं टीव्हीवाले येणार, तवा रहिमाननं शाळेच्या भिंतीवर पाणी कुठवर होतं तिथं रेघ मारून ठेवावी. रहिमान गेला. भिंतीवर चिखलाची खरी रेघ स्पष्ट दिसत होती. पण ती कुठं, तर टाचा उचलून हात उभा केला तरी बोटांच्या वर आणखी दीड हात. बाकडी वाहून गेलेली. एक पिंप आणून त्यावर चढला तर पिंप चिखलात रुतून आडवं झालं. वळणावर गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. रहिमान टाचा उचलून उभा राहिला आणि हात पुरला तिथवर रेघ मारून मोकळा झाला. म्हणाला, उद्या शिडी मिळाली की वर घेऊ.

साहेब आले. त्या ओल्या रेघेशेजारी उभं राहून त्यांनी वर बोट दाखवलं. फोटो निघाला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला. आपल्याकडं छापून आलेल्याला देवाच्या शब्दाइतका मान. कात्रण काचेत घालून पंचायतीत लागलं. माप घेणारे आले, रेघेवरून माप घेऊन गेले. टँकरच्या पाइपानं शाळा धुतली तेव्हा चिखलाची खरी रेघ धुऊन गेली आणि वर चुना मारला तो रहिमाननंच. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

तुम्ही म्हणाल, गावाला कळलं कसं नाही. कसं कळणार? ज्यानं त्यानं आपापल्या घरात पाणी कुठवर होतं ते बघितलं. गाव उताराचं, कुणाचं घर वर, कुणाचं खाली. शाळेशी ताळा घालून कोण बघतो. दोनतीनदा रहिमान सांगायला म्हणून पंचायतीच्या पायरीपर्यंत गेला आणि तंबाखू मागून परत आला. दोन वर्षांनी परत पूर आला तो रेघेच्या खालीच थांबला. रेघेची अब्रू राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून रहिमाननंही मूठ झाकलेलीच ठेवली.

सगळं असंच चाललं असतं, पण अंबूबाई आली.

अंबूबाई जत तालुक्यातली. निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. उन्हाळा लागला की कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचं आणि पावसाला माघारी जायचं, असं तिनं तीस वर्षं केलं. नवरा वारला, मेंढरं विकली, आणि पोरगा अमृत सोनथडीत ट्रॅक्टरवर कामाला लागला. मायलेकांनी पै-पै जोडून शाळेच्या खालच्या अंगाला तीन गुंठे जागा घेतली. पुराच्या साली ती दोघं जतला होती, टँकरची वाट बघत. जतच्या माणसाला पाणी न मिळण्याची भीती कुणी शिकवावी लागत नाही. पाणी जास्त होण्याची भीती मात्र त्याला सांगावीच लागते.

म्हातारी हुशार. जागा घेतल्यावर पहिल्यांदा ती शाळेसमोर आली, ती लाल रेघ नीट बघितली आणि तिच्या खाली हात जोडले. मग अमृतला म्हणाली, "हिच्यावर ईतभर जोतं घे. मंग मला झोप लागंल." गावचा गवंडी गुंडाआण्णा यानं लेव्हलची पाइप लावून रेघेची उंची जागेवर नेली. ही पाइप म्हणजे पाणी भरलेली साधी प्लास्टिकची नळी. एक टोक इथं धरा, दुसरं तिथं धरा, दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला उभं राहतं. त्या मापानं उन्हाळ्यात पुरुषभराहून उंच जोतं बांधलं, आत मुरूम भरला आणि पावसात दबायला सोडून दिला. विटा येऊन पडल्या होत्या. उघडीप मिळाली की भिंती.

गुंडाआण्णा पाइप धरून उभा होता त्या दिवशी रहिमान समोरच्या देवळाच्या परांचीवर बसून शिखर रंगवत होता. त्यानं सगळं बघितलं. तोंड उघडायचं तर तेव्हाच उघडायचं होतं. पण त्यानं ब्रश बुडवला आणि शिखराच्या पलीकडच्या बाजूला गेला. त्या एका गोष्टीची त्याला जेवढी लाज वाटली तेवढी सहा वर्षांतल्या खोट्या रेघेचीही वाटली नव्हती.

पाण्याच्या दिवसाच्या आदल्या सांजेला शबानानं विषय काढलाच. गावात त्या दिवसाला 'पाण्याचा दिस' म्हणायचे. महापूर, स्मृतिदिन वगैरे शब्द बाहेरच्यांचे.

"आवं, उद्या परत तीच रेघ वडणार?"

"मंग काय करू? गाव काय म्हणंल?"

"गाव म्हणायचं ते म्हणंल." शबाना भाकरी थापत होती, ती थांबली नाही. "तुमची अब्रू हातभर आन त्या बाईच्या घरात पाणी हातभराच्या वर. मोजून बघा, मोठं काय हाय ते."

"भिंती चढल्यात व्हय अजून?"

"न्हाईत. म्हणून तर आज बोलतीया."

रहिमान हात धुऊन जेवायला बसला. त्याला भाकरी गोड लागली नाही, एवढं मात्र खरं.

पाण्याच्या दिसाची सोनथडीची रीत साधी. सकाळी बाया नदीवर जातात, कृष्णामाईची ओटी भरतात, दहीभाताचा निवद दाखवतात आणि म्हणतात, 'आलीस, बघितलंस, आता सांभाळून ऱ्हा.' येताना एक घागर नदीचं पाणी आणून शाळेच्या वट्यावर ठेवतात. एवढं झालं की खरा कार्यक्रम संपला. पण आता टीव्ही येतो म्हटल्यावर त्याला पुढं शेपूट लागलं. मांडव आला, भाषणं आली, मेणबत्त्या आल्या. दिवसाउजेडी मेणबत्त्या कशाला लावायच्या हे कुणी विचारलं नाही, कारण टीव्हीत तसं असतं. यंदा तर पोरांनी कुंडलहून फ्लेक्स करून आणला होता. त्यावर लिहिलं होतं, 'सोनथडी महापूर, सहावा वर्धापनदिन, सर्वांचे हार्दिक स्वागत.'

सरपंच मायाताईंनी तो बघितला आणि डोक्याला हात लावला. "आरं, दुकान काढलंय का आपण पुराचं? वर्धापनदिन कसला?"

फ्लेक्स आणणारी पोरं म्हणाली, छापणाऱ्याकडं तोच साचा तयार होता.

एरवी रहिमान यावर दिवसभर हसला असता. हातानं लिहिणाऱ्याला निदान आपण काय लिहितोय ते वाचावं लागतं. पण आज त्याच्या हातात लाल रंगाचा डबा होता आणि चार इंची ब्रश होता, आणि डोळे शाळेच्या भिंतीकडं होते.

टीव्हीची मुलगी आली. नाव शिवांजली, सांगलीची, तिशीच्या आतली, सोबत कॅमेरावाला. तिची मोठी पंचाईत झाली होती. दरसाल कॅमेऱ्यासमोर रडणारी एक म्हातारी गावात होती. तिचं सगळं ठरलेलं असायचं. रेघेखाली बसायचं, पदर डोळ्याला लावायचा, 'सगळं गेलं गं बाई' म्हणायचं. ती यंदा नेमकी लेकीकडं वाईला गेली होती. मग शिवांजलीची नजर मांडवात फिरली आणि अंबूबाईवर थांबली. सुरकुत्यांनी भरलेला चेहरा, कपाळावर गोंदण, ठेवणीतलं लुगडं. आणखी काय पाहिजे.

अंबूबाईला रेघेखाली उभं केलं. शेजारी रहिमानला उभं केलं, म्हणजे मागं रेघ रंगवताना दिसेल. मांडवातली माणसं सरकून पुढं आली.

"आजी," शिवांजलीनं माइक पुढं केला, "तो दिवस आठवला की आजही मनात काय दाटून येतं?"

"कंचा दिस?"

"पुराचा. पाणी घरात शिरलं तो."

"मला काय म्हाईत बाई. आमी जतचं. तवा आमच्याकडं टँकर आठ दिसांनी यायचा." मांडवात हशा पिकला. अंबूबाई हसली नाही, तिला हसण्यासारखं काही दिसलं नाही. "तुमी पाण्याला भ्यालेली मानसं. आमी पाण्यासाठी भांडल्याली. मला पूर काय असतोय ते ह्या रेघंनंच सांगितलं. हिच्याकडं बघितलं आन पोराला म्हनलं, हिच्या वर ईतभर घर बांधायचं. मानूस खोटं बोलंल, ही न्हाई बोलायची. ही रहिमानभाऊची रेघ हाय."

आणि तिनं वळून त्याच्याकडं मोठ्या विश्वासानं बघितलं.

रहिमाननं ब्रश रंगात बुडवलेला होता. तो वर घेतला तसे लाल थेंब त्याच्या चपलेवर पडले. त्याला ब्रश टेकवता येईना आणि खालीही ठेवता येईना. शेवटी तो डब्यातच सोडून दिला.

"खोटी हाय," तो म्हणाला.

"काय खोटी?" मायाताईंनी विचारलं.

"रेघ. पाणी हितं न्हवतं. ह्याच्या वर दीड हात हुतं. चिखलाची खूण माझ्या डोळ्यानं बघितल्याली. शिडी न्हवती, सायब आलं, म्हणून हात पुरला तिथवर मारली. उद्या वर घेऊ म्हनलं आन ते ऱ्हायलं. ऱ्हायलं ते सा वर्सं ऱ्हायलं."

शिवांजलीनं कॅमेरावाल्याला नुसत्या डोळ्यांनी विचारलं आणि त्यानं मान हलवली, चालू आहे. मागून कुणीतरी म्हणालं, "सा वर्सांनी सांगतोय. वरातीमागनं घोडं." कुणी त्याला हसलं नाही.

अमृत पुढं आला. पंचविशीचा, अंगानं दणकट, स्वभावानं गरीब. पण त्या वेळी त्याचा चेहरा बघवत नव्हता. "चाचा, तुमी देवळाच्या परांचीवर हुतासा. आण्णांनी पाइप लावली तवा. मी तुमाला खालनं हात केलता."

"व्हय."

"आन तुमी बघितलं."

"व्हय, बघितलं. त्याची मला लय लाज वाटती, अमृत. तू मला दोन शिव्या दे, मी खाली मान घालून ऐकीन. पन भिंती घिऊ नकोस. तुझं जोतं पाण्याखाली जातंय."

अमृत बाजूला झाला. शिव्या अंबूबाईनं दिल्या. धनगराची बाई ती, कळप हाकलेला आवाज. "सा वर्सं तोंडात काय गुळणी धरली हुतीस? मी हात जोडलं रं हिला. देवाला जोडावं तसं जोडलं." मग ती दम घ्यायला थांबली आणि जरा खालच्या आवाजात म्हणाली, "भिंती झाल्यावर सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? आज सांगितलंस त्ये बरं केलंस. पन तुज्यावर राग हाय माजा. तो ऱ्हाणार."

"ऱ्हाऊ दे," रहिमान म्हणाला. त्याच्या मनावरचा धोंडा उतरला होता आणि त्याच वेळी त्याला जमिनीत गडप व्हावंसंही वाटत होतं.

आता प्रश्न असा उभा राहिला की खरी रेघ कुठं होती. रहिमाननं वर बोट केलं, तिथं. पण मायाताई म्हणाल्या, नुसत्या डोळ्याच्या अंदाजावर परत रेघ मारायची, मग फरक काय पडला. रहिमानलाही ते पटलं. "बरोबर हाय. माझ्या डोळ्यावर आता कोन इस्वास ठेवंल."

"तुज्या डोळ्यावर कशाला ठेवायचा, गड्या?" गुंडाआण्णा इतका वेळ वट्यावर बसून होता, तो उठला. "पाण्यालाच इचारू की. आमच्या घरात आमच्या वडलांचा, तात्यांचा फोटो हाय. पुरात भिंतीवरच ऱ्हायला, खिळ्याला. हनुवटी धुऊन गेली, मिशी ऱ्हायली. आई म्हनली, मिशी ऱ्हायली म्हंजी तात्या ऱ्हायलं, तसाच लटकू दे. सा वर्सात आमी त्याला हात लावल्याला न्हाई."

हे ऐकलं आणि मांडवात चमत्कार झाल्यासारखं झालं. जो तो बोलायला लागला. सहा वर्षं ही माणसं टीव्हीला 'सगळं गेलं' एवढंच सांगत आली होती, कारण टीव्ही तेवढंच विचारायचा. काय राहिलं ते कुणी विचारलंच नव्हतं. मायाताई म्हणाल्या, त्यांच्या लोखंडी कपाटाला गंजाची आडवी रेघ आहे, किती घासली तरी जात नाही. शबाना बायांच्या घोळक्यातून म्हणाली, मशिदीच्या सागवानी दाराची फळी फुगलेली आहे, पाणी होतं तिथवरच फुगलीय, वर जशीच्या तशी. कुणाची तुळई होती, कुणाचा कोनाडा. प्रत्येक घरानं आपली एक रेघ जपून ठेवली होती आणि शेजारच्याला पत्ता नव्हता.

गुंडाआण्णानं पाइप आणायला धाडलं. पन्नास फुटी पाइप, पण कोरडी. त्यात पाणी भरायला बादली शोधायला लागले तर एक म्हातारी म्हणाली, "नदीचं पाणी वट्यावर हाय की. जिचं माप तिच्याच पाण्यानं घ्या." मग ओटीच्या घागरीतलं पाणी पाइपात भरलं. बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून गुंडाआण्णानं पाइप उंच धरून, टिचक्या मारून एकेक बुडबुडा बाहेर काढला. साऱ्या गावानं त्या बुडबुड्यांकडं डोळे लावले होते. भाषणं करायला आलेली माणसं खुर्च्यांवर तशीच बसून राहिली.

पहिलं टोक तात्यांच्या मिशीला लावलं. दुसरं घेऊन अमृत निघाला, विजेच्या खांबावर खडूनं खूण केली, तिथून पुढच्या भिंतीवर, तिथून, वर्गातलं बाकडं बाहेर आणून त्यावर चढून, शाळेच्या कोपऱ्यावर. मग मायाताईंच्या कपाटापासून तसंच. मशिदीपासून येताना वाट लांबची, माणसं कमी पडायला लागली. शिवांजली माइक बगलेत धरून बाजूला उभी होती. गुंडाआण्णानं तिच्या हातात पाइपचं टोक दिलं. "पोरी, जरा धर. हलवू नगंस."

ती धरून उभी राहिली. रहिमान दुसऱ्या टोकाला होता. दोघांच्या टोकांत पाणी थरथरलं आणि हळूहळू स्थिर झालं.

"आमच्या घरी ट्यूबलाइटपर्यंत होतं," ती एकदम म्हणाली. "सांगलीत. मी त्या वर्षी कॉलेजात होते. दर ऑगस्टला मी सगळ्यांना विचारत फिरते. मला कुणी विचारलं नाही."

"मंग तुमी आज सांगितलं," रहिमान म्हणाला. "खूण जपून ठेवलीया का?"

"नाही. रंग दिला."

"ट्यूबलाइटचा खिळा तर असंल."

ती जरा हसली आणि म्हणाली, असेल.

तिन्ही ठिकाणांचं माप शाळेच्या भिंतीला लागलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. तीन खडूच्या खुणा. तात्यांची मिशी, मायाताईंचं कपाट आणि मशिदीचं दार. तिघांत मिळून दोन बोटांचा फरक. आणि जुन्या लाल रेघेच्या वर किती, तर गुंडाआण्णानं बाकड्यावर उभं राहून हात लावून मोजलं. दीड हात आणि वर दोन बोटं.

"तुजा डोळा खरा हाय रं," गुंडाआण्णा म्हणाला. "हातच आखूड पडला."

अमृत कुठं गेला म्हणून रहिमाननं बघितलं तर तो आपल्या बांधकामावरची शिडी खांद्यावर घेऊन येत होता. त्यानं ती भिंतीला लावली, खाली पाय रोवून घट्ट धरली आणि रहिमानकडं न बघता म्हणाला, "चढा." राग गेलेला नव्हता. पण शिडी त्यानं अशी धरली होती की ती तसूभरही हलणार नव्हती.

रहिमान चढला. खडूच्या खुणांना ब्रश टेकवला आणि श्वास रोखला. सहा वर्षांत पहिल्यांदाच हे काम त्याला नकोसं वाटलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, शिडी चारदा सरकवत, त्यानं ती पुरी केली.

मायाताईंनी तिथंच सांगून टाकलं की येत्या रविवारी घरटी एक माणूस, फावडं आणि घमेलं घेऊन अंबूबाईच्या जागेवर यायचं. जोतं वर घ्यायचं, नव्या रेघेच्या वर ईतभर. मुरूम गावच्या खाणीतला. त्यावर एकानं, तोच मघाचा वरातीवाला, विचारलं की चूक एकाची आणि घमेली साऱ्यांनी का उचलायची. त्याला उत्तर शबानानं दिलं. "सा वर्सं ती रेघ तुमी बी बघत हुता. तुमच्या घरातबी खूण हुती. एकदा तरी पाइप लावली का?" रविवारी सगळ्यात आधी आला तो हाच.

संध्याकाळी सात वाजता पंचायतीत टीव्ही लावून माणसं बसली. बातमी आली. चाळीस सेकंदांची. वाईला गेलेली म्हातारी, पदर डोळ्याला, 'सगळं गेलं गं बाई', आणि मागं जुनी लाल रेघ. गेल्या सालचं चित्रण जसंच्या तसं. सगळी आधी थक्क झाली, मग अशी हसली की बाहेरून जाणारी माणसं डोकावून गेली. अंबूबाई म्हणाली, "मी तर दिसलीच न्हाई की. एवढं लुगडं नेसून आल्ते."

थोड्या वेळानं रहिमानच्या फोनवर शिवांजलीचा फोन आला. तिनं सगळं पाठवलं होतं, पण मुंबईत बसलेल्यांना रडणारी म्हातारीच पाहिजे होती. ती वैतागली होती. मग म्हणाली, "चाचा, आमच्या गल्लीत पुराची रेघच नाही. नवी भाडेकरू मंडळी येतात, त्यांना काही माहीत नसतं. पाइप लावून माप काढलं तर तुम्ही येऊन रेघ माराल का?"

"यीन की," रहिमान म्हणाला. "शिडी मातर तुमी ठेवा. मी आता शिडीशिवाय रेघ मारत न्हाई."

रविवारी जोत्यावर मुरूम पडला. दुपारी माणसं जेवायला गेली तेव्हा रहिमान पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन शाळेसमोर आला. जुनी रेघ पुसायची होती. दोन रेघा ठेवल्या तर पुढं कुणाचा गोंधळ व्हायला नको. त्यानं ब्रश भिजवला तेवढ्यात मागून अंबूबाई आली, कपाळाला मुरमाची धूळ, हातात घमेलं.

"काय करतोस?"

"पुसतोय. खोटी हाय ती."

अंबूबाईनं दोन्ही रेघा बघितल्या. आधी वरची, मग खालची.

"पुसू नगंस," ती म्हणाली. "माजं पोरगं, त्येची पोरं हितंच ऱ्हानार. त्येस्नी वरची रेघ पाण्याचं सांगंल. ही खालची मानसाचं सांगंल. पन तिचं नाव लिही, म्हंजी कुनी फसायचं न्हाई."

रहिमाननं पांढरा डबा बंद केला. बारीक ब्रश काढला, अक्षरांचा, जो त्यानं कितीतरी वर्षांत धुऊन नुसता ठेवला होता. शिडीवर चढून वरच्या रेघेखाली लिहिलं, 'इथवर पाणी आलं होतं.' मग खाली उतरला, टाचा उचलल्या, त्या दिवशी उचलल्या होत्या तशा, आणि जुन्या रेघेखाली त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'इथवर हात पुरला होता.'

अंबूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं काय लिहिलंय ते विचारलं, त्यानं वाचून दाखवलं, आणि तिनं मान डोलावली. मग घमेलं त्याच्या हातात देऊन म्हणाली, "चल, अजून चार थर ऱ्हायलेत."